तालिनावची न झालेली शाळा

तालिनावात हायस्कूल नव्हतं. सहावी झाली की पलीकडच्या गावी जायचं, तेही नदी जाऊ देईल तेव्हा. तेओफिस्ताबाईंनी सव्वीस वर्षं इथे सहावीचा वर्ग घेतला. दर जूनला त्यातली निम्मी पोरं ऊसतोडीला नाहीतर शहरात धुण्याभांड्याला गेलेली पाहिली. फिलिपिन्समध्ये सरकारी हायस्कूल काढायचं तर मनिलाच्या संसदेने त्यासाठी कायदा करावा लागतो. त्या एका कायद्यासाठी बाई निवडणुकीला उभ्या राहिल्या.

निवडून आल्यावर कळलं, खासदाराचं खरं काम मयताच्या घरी असतं. "बाई आल्या नाहीत" एवढं एकदा मतदारसंघात फिरलं की संपलं. दर शनिवारी त्या कुणाच्या तरी शवपेटीजवळ जागरणाला बसत, कॉफीत बिस्किट बुडवत, रात्र काढायला शेजारी चाललेला पत्त्यांचा डाव बघत.

तिसऱ्या वर्षी त्यांच्या शाळेच्या विधेयकाला तारीख मिळाली. मंगळवार. संसदेच्या समितीची त्या मुदतीतली ती शेवटची बैठक होती.

"स्वतः हजर राहा, बाई," त्यांच्या मनिलातल्या कचेरीतली विल्फ्रिडा म्हणाली. "मांडणारा नसला तर विधेयक बाजूला टाकतात."

त्याच आठवड्यात इसिद्रो नावाडी गेला. बाईंच्या विद्यार्थ्यांना त्याने जन्मभर फुकट नदीपार नेलं होतं. दफन शनिवारी ठरलं, बाईंनी चार शब्द बोलायचं कबूल केलं. पण शुक्रवारी त्याची बायको कोन्सोर्सिया म्हणाली, "लेकीला दोहातल्या कामावरून लवकर सुट्टी मिळेना. मंगळवारी पोचतेय. बापाचं तोंड बघितल्याशिवाय कसं पुरायचं?"

"ताई, मंगळवारी माझं..."

"मंगळवारी बाईंना मनिलात मेजवानी असेल!" पत्ते पिसणारा एक म्हातारा बोलला. सगळे हसले.

"गप रे मेल्या," कोन्सोर्सिया म्हणाली. "बाई आपल्या आहेत."

टोमणा बाईंनी सोसला असता. हे सोसवेना.

"तुमच्या मयतासाठी शाळा थांबणार नाही," विल्फ्रिडा फोनवर कळवळून म्हणाली.

"हीच माणसं आहेत गं माझी."

"त्यांच्याच पोरांची शाळा आहे ना, बाई?"

बाईंनी समितीच्या अध्यक्षांना फोन करून बैठकीसाठी मंगळवारऐवजी बुधवार मागितला. ते म्हणाले, "पाहू." बाईंनी त्या 'पाहू'वर विश्वास ठेवला.

मंगळवारी दफनभूमीत त्या फार सुंदर बोलल्या. म्हातारासुद्धा रडला. दुपारी विल्फ्रिडाचा निरोप आला. विधेयक बाजूला टाकायला तीन मिनिटं लागली होती. पुढे संसदेची मुदत संपली, तिच्याबरोबर अर्धवट विधेयकंही मेली. त्यांच्यासाठी कुणी जागरण केलं नाही.

मे महिन्यात बाई दुप्पट मतांनी निवडून आल्या.

जूनमध्ये इसिद्रोची नात आली. सहावीत पहिली आलेली.

"शहरात एका घरी काम मिळतंय, बाई. तुमची चिठ्ठी असली की माणसं बरी वागवतात, आजी म्हणते."

"मी विधेयक पुन्हा मांडणार आहे. दोन-तीन वर्षांत..."

मुलगी अदबीने ऐकत राहिली. वर्गातही ती अशीच ऐकत असणार.

"वय काय लिहू?" अखेर बाईंनी विचारलं.

"पंधरा लिहा, बाई. बारा म्हटलं तर घेत नाहीत."

बाईंनी त्यांच्या वळणदार अक्षरात पंधरा लिहिलं, आणि खाली सही केली.