बिनकुलपाचा रविवार

ऐंशी सालाच्या आसपास सिंदी मेघे गावात माझ्या शेजारी एक काका एकटे राहत. रविवारी बायबल काखेत धरून ते चर्चला निघत आणि वळणावरून परत येऊन कुलूप ओढून पाहत. पुन्हा जात, पुन्हा येत. उपासनेतूनही मधेच उठून येत. बघूनच माझा जीव खालीवर व्हायचा.

एका रविवारी ते दार सताड उघडं टाकून निघाले.

"काका, कुलूप?"

"कुलूपच नाई लावलं, तं पाहाले काऊन येऊ? आता प्रभूच पाहीन." बायबल काखेत घट्ट धरून ते वळणापलीकडे गेले.

मी ओट्यावर बसून त्या दारावर नजर ठेवली. जेवायला हाक आली तरी उठवेना.

दुपारी ते परतले. घराकडे पाहिलंसुद्धा नाही.

"भाऊ, आज शेवटच्या आशीर्वादापर्यंत बसलो."