राक्षस नीट मेला पाहिजे

या शहरात मारामारीच्या सिनेमांनी सगळ्यांत जास्त दगा कोणाला दिला असेल, तर तो माझ्या मोठ्या साडूंना. नवा सिनेमा लागला की ते कांजूरमार्गच्या घरातून इस्त्रीचा शर्ट घालून, खिशात रुमालाची घडी ठेवून, लग्नाला निघाल्यासारखे निघतात. परतताना तोच रुमाल मानेवर फिरवत 'फसवलं' एवढंच म्हणतात. पुन्हा जाणार नाही अशा शपथा त्यांनी किती वेळा घेतल्या याची गणती नाही. एकदा तर घरच्या गणपतीसमोर घेतली. पण गणपती दीड दिवसाचा होता, तेव्हा शपथही दीड दिवसाचीच, असा निकाल त्यांनी स्वतःच दिला आणि विसर्जनानंतरच्या शुक्रवारी मला मुलुंडच्या थिएटरबाहेर उभं केलं. मला, कारण त्यांची बायको, म्हणजे माझी थोरली मेव्हणी, सिनेमा सुरू झाला की झोपते, आणि झोपलेल्या माणसावर रागावता येत नाही. त्यांना शेजारी जागा माणूस लागतो.

साडूंनी उभं आयुष्य लिफ्ट दुरुस्त करण्यात घालवलं. त्यामुळे पडद्यावर लिफ्ट दिसली की मी आधीच खुर्चीत खाली सरकतो. एका सिनेमात खलनायकाने दोर कापला आणि हिरोसकट लिफ्ट चाळीस मजले खाली गेली. साडू उभेच राहिले आणि पुढच्या रांगेला म्हणाले, "अहो, लिफ्ट अशी पडत नाही. दोर तुटला तरी ब्रेक लागतात, रूळ धरून बसते ती."

"काका, बसा ना," मागून कोणीतरी म्हणालं.

"बसतो. पण उद्या बायकोला घेऊन तुम्ही लिफ्टमध्ये चढाल आणि उगाच घाबराल, त्याचं काय?"

मध्यंतरात ते मॅनेजरकडे गेले आणि तक्रारवहीत आकृतीसकट दोन पानं लिहून आले. आकृती पाहून मॅनेजरने त्यांना थिएटरचीच बंद पडलेली लिफ्ट दाखवली, आणि हे गृहस्थ इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या वर सारून तिच्यात डोकं घालून बसले. परत आले तेव्हा वीस मिनिटं उलटून गेली होती. मधे काय झालं म्हणून त्यांनी विचारलं, तर मी खरं ते सांगितलं, की काहीच झालं नाही. त्यावर ते इतके चिडले की सिनेमा मीच काढल्यासारखं मला वाटायला लागलं. "वीस मिनिटांत काहीच नाही? मी तेवढ्यात लिफ्ट चालू केली रे."

पण लिफ्टचं ते एखाद वेळी सोडून देतील. हिरो हवेत उडाला, गोळ्या त्याला वळसा घालून गेल्या, तेही सोडतील. "हिरोचं काय, तो जिंकणारच आहे," असं त्यांचं मत आहे. त्यांचा खरा जीव जळतो तो खलनायकासाठी. अर्धा सिनेमा त्याला चढवायचा, त्याच्या नुसत्या बुटांच्या आवाजाने सगळ्यांना घाबरवायचं, आणि शेवटी कुठल्यातरी गच्चीवरून ढकलून द्यायचं. पुढच्या मिनिटाला गाणं. दिवे लागले की साडू रांगेच्या तोंडाशी उभे राहून लोकांची वाट अडवतात आणि विचारतात, "मेला कधी तो? तुम्हाला कळलं? एवढा मोठा माणूस, मरताना दोन वाक्यं तरी बोलू द्यायची की नाही?" लोक त्यांना चुकवून घराकडे पळतात. मला पळता येत नाही. अडीच तासांचा सिनेमा आणि वडापावच्या गाडीपाशी त्यावर तासभर संताप, असा माझा सुट्टीचा दिवस कित्येक वर्षं वाया गेला आहे. एकदा माझंही डोकं फिरलं. म्हटलं, "एवढा त्रास होतो तर येता कशाला? मला कशाला आणता?"

त्यांनी वडापावचा कागद चुरगळला. मग म्हणाले, "अरे, मग रविवारी दहिसरला जाऊन काय सांगू?"

दहिसरला त्यांचे थोरले भाऊ राहायचे, तेव्हा ऐंशीला टेकलेले. सगळे त्यांना दादा म्हणत. दादांनी गिरणीत नोकरी केली, पण गावाकडच्या जत्रांचे दिवस आले की रजा मिळो न मिळो, ते मालवणच्या बाजूला दशावतारी नाटकात उभे राहायला जायचे. त्या नाटकात लिहिलेलं काही नसतं, संवाद उभ्या उभ्या सुचवून म्हणायचे असतात. दादा कायम राक्षस. पुढे गिरणी गेली, मग साखरेच्या आजाराने डोळे गेले, आणि सिनेमे बघायचे ते फक्त धाकट्या भावाच्या तोंडून, इतकंच उरलं.

पुढच्या रविवारी मी सोबत गेलो. बसने हायवेला आणि तिथून मेट्रोने. साडूंचा मेट्रोवरही राग आहे, फार लवकर पोचवते म्हणून. बसच्या प्रवासात दीड तास मिळायचा, असं ते पुटपुटले. कशासाठी मिळायचा, ते मला दादांच्या खोलीत गेल्यावर कळलं.

दादा खाटेवर भिंतीला टेकून बसले होते. पावलांचा आवाज ऐकून म्हणाले, "इलंस? खयचो बघलंस?"

साडूंनी सिनेमाचं नाव सांगून सुरुवातीची मारामारी सांगायला घेतली, तर दादांनी हात वर केला. "तां ऱ्हवांदे. राकस कसो मेलो, तां सांग."

आम्ही पाहिलेल्या सिनेमातला तो इसम सिमेंटच्या मिक्सरमध्ये पडला होता आणि मरताना त्याने एक शिवी दिली होती, तीही अर्धी. साडू मात्र उठून खोलीच्या मधोमध उभे राहिले आणि सांगू लागले की वार लागला तरी तो पडला नाही. सात पावलं चालत हिरोपर्यंत आला. त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "वीरा, तू मला मारलंस याचं दुःख नाही. पण मी कोणाचा मुलगा, हे तू एकदाही विचारलं नाहीस."

दादा भिंतीपासून सरकून ताठ बसले. मग त्यांनी तेच वाक्य आपल्या आवाजात म्हणून पाहिलं. तो आवाज त्या वाळलेल्या छातीत कुठे राहिला होता कोण जाणे. शेजारच्या बाई काय झालं म्हणून दारात डोकावून गेल्या. "बरो मेलो हो," दादा म्हणाले, आणि चहा मागितला.

परत येताना मी साडूंना म्हटलं, तुम्ही तर शेवट सगळाच बदललात. ते चिडलेच. "मी नाही बदलला, मी दुरुस्त केला. त्यांनी नीट केला असता तर मला कशाला करावा लागला असता?" मग बाहेर बघत, आवाज खाली आणून त्यांनी सांगितलं की पाच वर्षांचे असताना जत्रेत दादाला राक्षस म्हणून मरताना पाहून ते रडत सरळ रंगमंचावर गेले होते. मेलेल्या राक्षसाने उठून त्यांना कडेवर घेतलं आणि सगळं गाव हसलं. "रडू आलं पाहिजे रे. तो वाईट असला तरी. कोणाला तरी आलं पाहिजे." त्या दिवसानंतर मी सिनेमाला येताना कुरकुर केली नाही, असं म्हणणार नाही, पण खलनायक मरायला आला की मीही जरा सावरून बसायला लागलो.

गेल्या वर्षी दादा बोरिवलीच्या एका हॉस्पिटलमध्ये गेले. शेवटचे तीन दिवस ते शुद्धीवर नव्हते. दुपारी साडेतीनला, नर्स सलाईनची बाटली बदलत असताना, श्वास थांबला. मी तिथेच होतो. साडू पायाशी उभे होते आणि पुढे काहीतरी होईल म्हणून वाट बघावी तसे बघत राहिले. नंतर जिन्यात त्यांनी मला गाठलं. "एक शब्द बोलला नाही रे. तीन दिवस बसलो. एवढा मोठा माणूस आणि असाच." आवाजात तोच संताप होता, थिएटरबाहेरचा, आणि रुमाल मानेवर फिरत होता. या वेळी मॅनेजर कोणी नव्हता आणि तक्रारवहीही नव्हती. मी त्यांची पिशवी हातात घेतली.

तेराव्याला दहिसरच्या त्या खोलीत गावाकडची माणसं जमली होती. दादांबरोबर नाटकात पेटी वाजवणारे एक म्हातारे गृहस्थही आले होते. जेवणं झाल्यावर त्यांनीच विचारलं, शेवट कसा झाला. मेव्हणीने माझ्याकडे पाहिलं. साडू हात पुसत उठले, खोलीच्या मधोमध उभे राहिले. म्हणाले, दादाने डोळे उघडले. माझा हात धरला. बाटली बदलणाऱ्या नर्सला थांब म्हणून खूण केली. आणि अगदी शांतपणे म्हणाला, "पेटी थांबव रे. माझां झालां."

पेटीवाल्या म्हाताऱ्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. त्यांच्या शेजारचे दोघे-तिघेही डोळे पुसू लागले. साडूंनी त्या सगळ्यांकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे.

"मी होतो तिथे," मी म्हणालो. "अगदी स्पष्ट बोलले."