एक जोड कमी

भयकथेच्या दिवशी मी वर्गातल्या मुलांना सांगितलं, की आपल्यातलं एक मूल भूत आहे. सांगण्याआधी विचार केला नव्हता. तो मी सहसा नंतर करतो.

आमचा उन्हाळी वाचनवर्ग कॉलनीतल्या विहाराच्या वरच्या हॉलमध्ये भरतो. मी शाळामास्तर. मे महिन्यात घरी बसलो की घरच्यांना अडचण होते, म्हणून हा उद्योग. दर आठवड्याला पुस्तकांचा एक नवा प्रकार. प्रवासवर्णनं झाली, विज्ञानकथा झाल्या, चरित्रांना अर्धा वर्ग झोपला. भयकथेला कुणाची डुलकी लागू द्यायची नाही, असं मी ठरवलं होतं. खाली बुद्धमूर्ती शांत बसलेली. तिच्यासमोर अंधश्रद्धेवर व्याख्यानं होतात, त्यातलं एक मीच दिलंय. आणि वर माझं हे चाललेलं.

उन्हासाठी खिडक्यांना निळा कागद चिकटवलेला आहे. भर दुपारी सगळ्यांचे चेहरे पाण्याखालचे वाटतात. मी आवाज खाली आणला आणि म्हणालो, "ते इथंच सतरंजीवर बसतं. तुमच्यासारखंच वाचतं. ओळखायचं एकाच खुणेवरून. भुताचे पाय उलटे, मग चपलेत अंगठा जाणार कुठून? त्यामुळे जिन्यावर त्याची चप्पल नसते."

मुलं खिदळली. दोन पोरं मोजायला जिन्याकडे पळाली. परत आली ती चालत.

"काय रे?"

"सर, एक जोड कमी आहे."

माझी गोष्ट फारच जमली म्हणून मी मनातून सुखावलो. मग रुबाबात उठून स्वतः मोजायला गेलो. माझा जोड बाजूला सारला, बाकीचे मोजले. पुन्हा आत येऊन डोकी मोजली. खरंच एक जोड कमी होता. मी पुन्हा जिन्यावर जाऊन मोजून आलो, या वेळी रुबाब सोडून.

वर्गात एक चुणचुणीत मुलगी आहे, डिटेक्टिव्ह कथांच्या आठवड्यापासून तिला कुणीच आवरू शकलेलं नाही. ती म्हणाली, "सोपं आहे सर. सगळ्यांनी बाहेर जाऊन आपापल्या चपलांत उभं राहायचं."

सगळे गेले. जिन्यावर ढकलाढकली झाली आणि एकदम थांबली. सगळे दारातून आत बघत होते. हॉलमध्ये, निळ्या उजेडात, एकटीच एक मुलगी मांडी घालून वाचत होती. तिनं मान वर केली नाही. पान उलटलं.

ती पहिल्या दिवसापासून येत होती. कुणाबरोबर येते, मला माहीत नव्हतं. मी कुलूप उघडायला यायचो तेव्हा ती दाराशी उभी असायची, आणि मी कुलूप लावून निघायचो तेव्हाही तिथंच. कुणाशी बोलल्याचं मी ऐकलं नव्हतं. नाव कुणीतरी शेजाऱ्याकरवी कळवलं होतं, तेही मी विसरलो होतो. दुसऱ्या मास्तराला यात भूत दिसलं नसतं, स्वतःचा आळस दिसला असता.

दुसऱ्या दिवशी तिच्या चहूबाजूंनी सतरंजी रिकामी. बाकीची पोरं भिंतीला चिकटून, एकमेकांच्या मांडीवर. पाण्याचा जग तिच्यापर्यंत गेला नाही. मी "गोष्ट खोटी होती रे" म्हणालो, पण माझ्याच आवाजात दम नव्हता. पोरांना ते लगेच कळतं. मग लाइट गेली. पंखा फिरत फिरत थांबला आणि त्या शांततेत फक्त तिचं पान उलटल्याचा आवाज आला.

भिंतीकडून एक लहानगा रडायला लागला. "सर, हिला घरी पाठवा. नायतर आम्ही जातो."

"हो सर, हिलाच पाठवा," बाकीचे म्हणाले.

पान उलटायचा आवाज थांबला. आज ही उठून गेली तर परत पुस्तकाला हात लावणार नाही, एवढं मास्तरकीत कळतं. मी तिच्याकडे निघालो. मनात तिला धीर द्यायचा होता. पण जवळ गेल्यावर मी काय केलं? तिच्या फ्रॉकचा घेर पायांवर पसरला होता, आणि मी, विज्ञानवादी व्याख्याता, खाली वाकून तिचे पाय बघायला लागलो.

तिनं मान वर केली. डोळे भरलेले होते.

"काय देखतस सर?"

बागलाणकडची अहिराणी बोली. पोरांनी पहिल्याच दिवशी तिच्या 'आहे'ऐवजी 'शे' म्हणण्याला हसून तिचं तोंड बंद केलं होतं, हे मला नंतर कळलं. तेव्हा मी एवढंच विचारू शकलो, "तुझी चप्पल कुठंय गं?"

तिनं दप्तर उघडलं. पुस्तकांखालून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली लाल सँडल निघाली. "मामाना लगीनमा मनी नवी चप्पल चोरी गयी. आते मी बॅगमाच ठेवस." लग्नाच्या मांडवात चपला जातात म्हणून मीही एक चप्पल इथं आणि दुसरी तिथं काढणारा माणूस, पण पिशवी मला सुचली नव्हती. सकाळी सोडणारी आणि संध्याकाळी नेणारी तिची मावशी होती, कामावर जाता-येता.

भिंतीकडून कुणीतरी नाक ओढलं. चुणचुणीत मुलगी जवळ येऊन सँडल निरखू लागली. "म्हणजे तू भूत नाहीस?"

"नही. आन् सरनी गोट बी खोटी शे. आमना गावनं भूत चपला घालीसनच येस. दुपारले. आवाज येस, पन मानूस दिसत नही."

यावेळी कुणी हसलं नाही. जिन्याकडे मात्र सगळ्यांनी एकदा बघितलं, मीसुद्धा. मग पोरं भिंत सोडून सरकत आली आणि तिच्याभोवती गोल करून बसली. रडणारा लहानगा तर तिच्या गुडघ्याला टेकला. "सांग ना," तो म्हणाला. "पुढं काय होतं?"

तिनं पुस्तक मिटलं, डोळे पुसले आणि माझ्याकडे बघितलं.

"सांगसू. पन पहिले सरले बाहेर बसाडा. त्यासले भ्याव वाटस."