साडूभाऊंचा फ्लॅश

बिघाड शोधण्यावर आमच्या साडूभाऊंइतकं प्रेम करणारा माणूस तापीपासून गिरणेपर्यंत दुसरा सापडायचा नाही. भडगावला त्यांचा फोटो स्टुडिओ आहे. कॅमेऱ्यावर रेडिओ ट्रिगरची चिमुकली डबी बसवली की मांडवाच्या पार दुसऱ्या कोपऱ्यात स्टँडवर ठेवलेला फ्लॅश वायरीशिवाय उडतो, या चमत्काराने त्यांना झपाटलं ते कायमचं. फ्लॅश उडाला की ते खूश, आणि नाही उडाला की त्याहून खूश. मग आधी सेल बदलायचे, डबी नीट बसली का ते बघायचं, तिच्या पितळी टिकल्या खोडरबराने घासायच्या आणि तरीही नाही उडाला तर सगळ्यात शेवटी चॅनल, म्हणजे डबी आणि फ्लॅश एकाच नंबरावर आहेत का ते, तपासायचं. "एक येळले एकच गोष्ट बदलानी, साडू!" असं ते मला बजावत, आणि तोवर नवरा-नवरी हार घालून जेवायलासुद्धा बसलेली असत.

घरातही हाच खाक्या. मिक्सर बंद पडला तरी खोडरबर निघायचं. एकदा माझी मेव्हणी त्यांच्यावर रुसली, तर मला फोन करून म्हणाले, "सकाळले चहा करी दिधा, दुपारले साडीनं नाव काढं, तरी सिग्नल नही. आते काय बदलू?"

अशात त्यांच्या एकुलत्या एका लेकीचं लग्न ठरलं. "पाठवणीना फोटो मीच काढसू," हा त्यांचा हट्ट. बाप म्हणून नुसते उभे राहा, असं मी परोपरीने सांगितलं, पण ऐकतील तर ते साडूभाऊ कसले! डोळा कॅमेऱ्यामागे असला की तो भरून आलेला कुणाला दिसत नाही, हे खरं कारण मला ठाऊक होतं.

धुळ्याच्या वरपक्षाने आपला फोटोग्राफर आणला होता. त्याच्याकडेही तसलीच डबी आणि नेमकं तेच चॅनल. भडगावात दुसऱ्या कुणाकडे असली डबी नसल्याने साडूभाऊंवर त्या शेवटच्या पायरीपर्यंत, चॅनल बघायची पाळी कधी आलीच नव्हती. त्यामुळे झालं असं, की धुळेकर बटण दाबी आणि फ्लॅश उडे यांचा. यांनी दाबावं तर तो बिचारा दमून पुन्हा चार्ज होत असे. पाठवणीला गाडी दारात उभी, बायका रडताहेत, आणि नवरीचा बाप खाली मान घालून सेल बदलतोय! मला हसू येत होतं आणि वाईटही वाटत होतं.

शेवटी लेकच जवळ आली. म्हणाली, "नाना, ठेवा तो कॅमेरा. मनाकडे देखा ना."

त्यांनी कॅमेरा बाजूला ठेवला, लेकीकडे पाहिलं आणि तिचा चेहरा हातांत घेतला. त्याच क्षणी धुळेकराने बटण दाबलं आणि साडूभाऊंचा फ्लॅश लख्ख उडाला.

जन्मभर दुसऱ्यांचे फोटो काढणाऱ्या साडूभाऊंचा घरात लावलेला तेवढा एकच फोटो आहे. लेकीचा चेहरा दोन्ही हातांत धरून ते उघड उघड रडताहेत. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवतात आणि म्हणतात, "फोटो त्यानी काढा, पन उजेड मना शे."

घर आता फार शांत असतं. पण साडूभाऊ तिथे काही तपासायला जात नाहीत. बिघाड कुठे आहे, हे त्यांना ठाऊक आहे.