टिकलीचे पाय

अवो, आमची टिकली चालली! चालली म्हंजी काय, आईच्या मागं पळाली की! पर त्याच्या आदी आमच्या अक्काचं सांगाया पायजे. केराबाई, माझी थोरली जाऊ. मेंढरांत जल्मली, मेंढरांतच लगीन झालं. सांगोल्याकडच्या आमच्या वस्तीवर कुटलंबी कोकरू अशक्त निपजलं की ते अक्काचं. लुगड्याचा पदर पुढं बांधून त्यात पिल्लू घालायचं, आणि तसाच सैपाक, तसंच पाणी भरायचं. मी म्हणायची, "अक्का, भाकरीत लोकर येतीया!" तर म्हणती, "येऊ दे. थंडीला बरी."

यंदा काळी मेंढी व्याली. कोकराच्या कपाळाला पांढरा ठिपका, म्हणून टिकली. लई गोड! पर पुढचे दोन्ही पाय जल्मताच दुमडलेले, खूर मागं वळलेले. उभी करावी तर तोंडावर पडायची.

ज्ञानूभावजी, अक्काचे मालक, बघून म्हणाले, "दिवाळी झाली की आपण कळप घेऊन अकलूजकडं निघणार. घोड्यावरची जागा वाटंत जल्मणाऱ्या पिल्लांची. ही चालली तर न्हेऊ, न्हाय तर खाटकाला."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली! पर भावजींचं खोटं बी न्हवतं.

"खाटकाला? मी जित्ती असताना?" अक्का म्हणाली, आणि टिकलीला पदरात घालून तडक दवाखान्यात निघाली. मी बी मागं.

जनावरांच्या डॉक्टरीण राजनंदिनीताई, सोलापुरातल्या जुळे सोलापूर भागातल्या, वयानं अगदी पोरसवदा. पाय चाचपून म्हणाल्या, "हाडच वाकडं असतं तर मी हात टेकले असते. पण हाडं सरळ आहेत, मागच्या शिरा आखडल्यात. पोटात असतानाच झालंय हे. तुमचं काही चुकलं नाही, मावशी." त्यांनी प्लास्टिकचा पाइप उभा चिरून पट्ट्या केल्या, आतनं कापूस लावला आणि पायांना बांधल्या. "रोज सोडून बघा, हलक्या हातानं चोळा, परत बांधा. आणि चालवा हिला."

अक्कानं सगळं केलं. चालवायचं तेवढं जमंना. टिकली पडली की ही धावली, उचलली, मांडीवर घेतली. दूध पाजायचं तर मेंढीलाच वढून मांडीपाशी आणायची! सांगा आता!

दिवाळीच्या तोंडावर ताईंनी पट्ट्या सोडल्या, तर पाय जवळजवळ तसंच.

"मावशी, चालवता ना हिला?"

"कशी चालवू वो? लेकराचं पाय दुखत्यात."

"अहो, पायांवर भार पडला तरच शिरा ताणतील! तुमची मांडीच आड येतेय तिच्या."

अक्काचं तोंड एवढंसं झालं. घरी आल्यावर पदराची गाठ सोडली, टिकलीला मेंढीपासनं लांब, भुईवर ठेवलं आणि सोता बाजूला जाऊन बसली. टिकली उठायची, पडायची, वरडायची. मला बघवंना. उचलाया वाकले, तर अक्का कडाडली, "हात लावशील तर बघ, बजा!" डोळ्याला पदर आणि तोंडात शिव्या! रोज हेच चाललं. दूध पायजे तर पट्ट्या बांधलेल्या पायांनीच चालून जायचं.

निघायचा दिवस उजाडला. ताईंच्या सांगण्यावरनं पट्ट्या त्याच सकाळी कायमच्या काढल्या होत्या. घोडी लादली, कळप हालला, काळी मेंढी बी पुढं गेली. टिकली जागेवरच, बें बें करत. भावजी थांबले. अक्कानं मागं वळून बघितलं न्हाय. दोन्ही हात पाठीमागं घट्ट धरून चालत ऱ्हायली. माझा तर जीव टांगणीला!

आणि टिकलीनं पाय टाकला. जरा वाकडा पडला, पर खूर सरळ टेकला, वो! मग दुसरा. मग काय, पळतच सुटली आणि थेट आईच्या कासंला तोंड! मी भर रस्त्यात टाळ्या पिटल्या. लोकं बघंनात का, बघू द्या!

पुढं ओढा लागला, घोट्याएवढं पाणी. भावजींनी, खाटकाचं नाव काढणाऱ्या आमच्या भावजींनी, हळूच वाकून टिकलीला काखंत मारलं.

पलीकडनं अक्का वरडली, "अवो, खाली ठेवा तिला! पाय हायत तिला!"

भावजींनी गपचिप खाली ठेवली. टिकली पाणी तुडवत आली. अक्कानं रिकामा पदर कमरंला खोचला आणि चालाया लागली.