अर्धी मेंढी

वसुधाताई गेल्याची बातमी मला आली नाही, ती माझ्या मुलीला आली. जूनच्या सुट्ट्या चालू होत्या, मी ऑफिसात होते आणि मुक्ता घरी एकटी होती. पुण्याहून श्रीधररावांचा, म्हणजे वसुधाताईंच्या यजमानांचा, फोन आला. आई घरी नाही, निरोप देऊ का, असं तिने विचारलं तेव्हा ते म्हणाले, नको, मला तुझ्याशीच बोलायचं होतं. पहाटे झोपेतच गेल्या होत्या त्या... हृदयाचं दुखणं जुनंच होतं. संध्याकाळी मी घरी आले, चप्पल काढली, पिशव्या ओट्यावर ठेवल्या, तेव्हा मुक्ताने सांगितलं. दुपारपासून तिला ठाऊक होतं. पेजर माझ्या पर्समध्ये होता आणि दिवसभर एकदाही वाजला नव्हता. "मला कळवलं का नाहीस?" मी विचारलं. एरवी मी मराठीत बोलले की इंग्रजीत उत्तर देणारी माझी मुलगी त्या दिवशी चांगल्या ठसठशीत मराठीत म्हणाली, "तुला काय घाई होती, आई?"

ती मराठीही वसुधाताईंनीच शिकवलेली. पुढच्या रविवारी इथे सिंगापुरातच, बुकित तिमाहला एका मराठी कुटुंबाकडे त्यांच्या आठवणीसाठी आम्ही दहा-बारा घरं जमलो. जो येईल तो मुक्ताला जवळ घेत होता आणि मी चहाचे कप भरत होते. एक बाई तर मला म्हणाल्या, सांभाळ हं तिला, तिचं फार मोठं माणूस गेलं. मी त्यांच्या चहात साखर घातली आणि मान हलवली. माझ्या शेजारणीचं, माझ्या मैत्रिणीचं दुःख करायला मी गेले होते, आणि तिथे माझा नंबर दुसरा लागला होता. मेलेल्या माणसाचा मत्सर करू नये म्हणतात. मला वसुधाताईंचा मत्सर वाटायचा. वाटायचा कशाला, वाटतो.

जुरोंग ईस्टला आमच्या फ्लॅटसमोर त्यांचा फ्लॅट होता. माझा नवरा मोहन बोटीवर चीफ इंजिनियर, वर्षातले निम्मे महिने समुद्रावर. श्रीधरराव बोटींची तपासणी करणारे सर्व्हेयर, त्यांच्या नोकरीपायी वसुधाताई पन्नाशीच्या उंबरठ्यावर पुणं सोडून सिंगापूरला आल्या. त्यांना इथे नोकरी करायची परवानगी नव्हती, मूलबाळ नव्हतं. पहिल्या आठवड्यात मी त्यांच्याकडे डोकावले तर जेवणाचं टेबल छापखान्याच्या प्रुफांनी भरलेलं. त्या रशियन शिकलेल्या होत्या. आपल्याकडे सोव्हिएत पुस्तकांची प्रदर्शनं लागायची, गुळगुळीत कागदाची, स्वस्त, मराठीत भाषांतर केलेली पुस्तकं मिळायची, ती आठवत असतील. तसल्या एका पुस्तकाचं भाषांतर त्यांनी हातावेगळं केलं होतं. सोव्हिएत संघातल्या किर्गिझियाचा सामाजिक आणि आर्थिक विकास, सगळा आकड्यांतून. शाळा किती, दवाखाने किती, दर हजार माणसांमागे डॉक्टर किती, मेंढ्या किती, वीज किती खेड्यांत पोचली. भाषांतर झालं, जुळणी झाली, प्रुफं आली, आणि सोव्हिएत संघच मोडला. प्रकाशकाने कळवलं की आता हे कोण घेणार. आणि या बाई रोज सकाळी न्याहारी आटोपून त्या नसलेल्या पुस्तकाची प्रुफं तपासत बसायच्या. मला वाटलं, उन्हाने डोकं फिरलंय. तसं मी एकदा हसतहसत बोललेही. त्या चष्मा वर करून म्हणाल्या, "अगं मंगल, राज्य गेलं. मोजलेली माणसं आहेत ना तिथेच."

त्या स्वतः किर्गिझियाला कधीच गेल्या नव्हत्या. मॉस्कोपर्यंत एकदा जाऊन आल्या होत्या तेवढंच. पण कुठल्या जिल्ह्यात बाळंतिणीसाठी खाटा कमी आहेत ते त्यांना पाठ होतं आणि त्यावर त्या खरोखर चिडायच्या, जणू त्यांच्याच नात्यातली बाई तिथे अडलेली असावी.

मुक्ता पहिलीत गेली तेव्हा माझी ऑफिसची नोकरी सुरू झाली. शाळा सुटल्यावर तिला कुठे ठेवायचं हा प्रश्न वसुधाताईंनी आपणहून सोडवला, आणि त्याचे उपकार मी नाकारत नाही. पण माझ्या पोटात दुखायला तिथूनच सुरुवात झाली. मूळ रशियन पुस्तकात आकड्यांऐवजी पुष्कळ ठिकाणी चित्रं होती. एक मेंढी म्हणजे अमुक लाख मेंढ्या, एक फळ्यापाशी उभी बाई म्हणजे अमुक हजार शिक्षक, अशा रांगाच्या रांगा. प्रकाशकाकडे त्या चित्रांचे छपाईचे ठोकळे नव्हते, म्हणून वसुधाताईंनी ब्लेडने खोडरबर कोरून स्वतःच शिक्के केले. मेंढी, डॉक्टर, शिक्षिका, ट्रॅक्टर, एक दोन वेण्यांची शाळकरी मुलगी. रांगेतलं शेवटचं चित्र बहुधा पुरं नसायचं, कारण आकडा काही शिक्क्याच्या सोयीने येत नाही. मग अर्धी मेंढी. त्यासाठी एकाने कोऱ्या कागदाची पट्टी घट्ट धरून अर्धी जागा झाकायची, दुसऱ्याने वर शिक्का मारायचा. पट्टी उचलली की खालच्या कागदावर मेंढीचं तोंड आणि पुढचे पाय, आणि मागचा भाग पट्टीवर. त्या पट्ट्या त्यांच्या घरभर असत, पुस्तकांत खुणेला, फ्रिजवर चिकटवलेल्या, मसाल्याच्या डब्यांवर. जिकडे पाहावं तिकडे मेंढ्यांचे मागचे पाय.

हे दोन माणसांचं काम होतं आणि ती दोन माणसं ठरलेली होती. मी संध्याकाळी ऑफिसातून थकून आले की त्यांच्या दारात उभी राहायचे. आत त्या दोघी, शाईने बोटं निळी झालेली, डोक्याला डोकं लावून. "आई, वेट ला, अजून एक रांग," असं माझ्याकडे न बघता, इथल्या मुलांसारखं 'ला' लावून मुक्ता म्हणायची. ती रशियनमध्ये मोजायला शिकली, अर्धं, पाव, माझं, तुझं असले शब्द शिकली. एकदा तिने आमच्या घराची आकडेवारी काढली. आई एक, मुक्ता एक आणि बाबा अर्धा, कारण बाबा अर्धं वर्षच घरी असतो. मोहन बोटीवरून आल्यावर ते पाहून खो खो हसला आणि कागद बरोबर घेऊन गेला. त्या कागदावर वसुमावशी पण एक होती. पूर्ण. हे त्याच्या लक्षात आलं नाही, माझ्या आलं.

मीही काही हातावर हात धरून बसले नव्हते. एका रविवारी वसुधाताईंना न विचारता मुक्ताला घेऊन पुलाउ उबीन बेटावर गेले. छोट्या होडीतून पलीकडे, दोघींना भाड्याच्या सायकली, नारळपाणी, सगळं साग्रसंगीत. म्हटलं आज दिवसभर मुलगी फक्त माझी. जुन्या लाकडी घरांपाशी ती सायकलवरून उतरली आणि तिथल्या म्हाताऱ्या चिनी आजोबांना विचारू लागली की इथे आधी किती घरं होती, आता किती उरली, शाळेत किती मुलं. आजोबा खुशीत सांगत बसले. येताना होडीत ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली, तेवढं माझं. उठल्यावर पहिलं वाक्य, हे मावशीला सांगायला हवं.

वसुधाताई भाबड्या होत्या असं मात्र कुणी समजू नये. आकडे फुगवलेले असतात हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. तुलनेला मुद्दाम जुनं, दरिद्री वर्ष घ्यायचं म्हणजे पुढची सगळी वर्षं उंच दिसतात, ही युक्तीही त्यांनीच मला समजावली होती. मी चिडवायला म्हटलं, मग ही खोटी प्रगती कशाला तपासता उन्हातान्हाची? त्यांनी मेंढ्यांची रांग माझ्यापुढे सरकवली आणि शेवटच्या चित्रावर बोट ठेवलं. "खोटंच बोलायचं असतं तर पूर्ण मेंढी छापली असती की. ही अर्धी कुणीतरी खरी मोजलीये." कुठल्याशा डोंगरातल्या कुणा अनोळखी कारकुनावर एवढा विश्वास... मला तेव्हा हसू आलं होतं.

मग तो शनिवार. आम्ही तिघी रेडिओ, टेपरेकॉर्डरच्या दुकानांनी भरलेल्या एका मॉलमध्ये गेलो होतो. एका गाळ्यात एक गोरटेली, चपट्या चेहऱ्याची बाई दुकानदाराशी बोटांनी भाव करत होती. पायाशी दोन मोठ्या चौकड्यांच्या पिशव्या. ती वैतागून काहीतरी पुटपुटली आणि वसुधाताई जागच्या जागी थांबल्या. रशियन होतं ते. त्यांनी पुढे होऊन भाव जमवून दिला, कुठली म्हणून विचारलं, आणि उत्तर ऐकून काउंटरची कड धरली. किर्गिझिया. इतकी वर्षं ज्यांच्या रांगा लावल्या त्यांतलं हाडामांसाचं पहिलंच माणूस त्या पाहत होत्या. बाई शाळेत शिकवायची. पगार थांबले, म्हणून आता इथून टेपरेकॉर्डर नेऊन तिकडच्या बाजारात विकते. वसुधाताई आम्हाला मराठीत सांगत होत्या, तेवढ्यात मुक्ताने त्यांचा पदर ओढला. "मावशी, ही शिक्षकांच्या रांगेतली का?" वसुधाताईंनी तेही त्या बाईला सांगितलं. ती आधी हसली, मग बाहीने डोळे पुसले आणि काहीतरी म्हणाली. "सांग म्हणते मुलीला," वसुधाताई म्हणाल्या, "रांगेतच होते, आता बाहेर काढलंय."

त्यानंतर त्या बाईने मुक्ताच्या केसांवरून हात फिरवला आणि वसुधाताईंकडे बघून एक प्रश्न विचारला. तो कळायला भाषा लागत नव्हती. जगात कुठलीही बाई दुसऱ्या बाईला तो विचारते. वसुधाताईंनी मुक्ताकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि एक अगदी छोटं उत्तर दिलं. ती बाई हसली, वसुधाताई हसल्या आणि मुक्ताही हसली. माझ्या हातात सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या होत्या. मला जे वाटलं ते वाटलं. परतताना एमआरटीच्या गाडीत मी मुक्ताला हळूच विचारलं, काय म्हणाली गं मावशी? "नथिंग, ला," ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. मी पुन्हा विचारलं नाही. विचारलं असतं तर कदाचित खरं उत्तर मिळालं असतं, आणि ते ऐकून मला त्यांच्या समोरच्याच फ्लॅटमध्ये राहायचं होतं. माझी, असंच म्हणाल्या असणार, याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. त्याला काय बोलायचं तेही मी मनाशी तयार ठेवलं होतं. वर्षानुवर्षं भाजी चिरताना, इस्त्री करताना मी ते घोकत असे.

श्रीधरराव निवृत्त झाले आणि दोघं पुण्याला परतली. प्रुफांचा गठ्ठा बरोबर गेला. पुस्तक काही निघालं नाही, ते सांगायला नकोच. शिक्क्यांचा डबा मुक्ताला दिला. मला त्यांनी त्यांचा मोठा इडलीपात्राचा कुकर दिला, आणि तो चांगला आहे, रोजच्या वापरात आहे. निघताना माझे दोन्ही हात धरून म्हणाल्या, "तू पाठवलीस म्हणून आली हो ती माझ्याकडे." विमानतळावर सगळेच असलं काहीतरी बोलतात, म्हणून मी तेव्हा त्याकडे फार लक्ष दिलं नाही.

गेल्या आठवड्यात मुक्ताने श्रीधररावांना पत्र लिहायला घेतलं. मराठीत, पानभर, मला न दाखवता. लिहून झाल्यावर तिने डबा काढला आणि शिक्क्याची शाई ओली केली. खोडरबर आता कडक झालेत, कडा खपल्यांसारख्या निघतात. दोन वेण्यांच्या मुलीचा शिक्का ती शाईवर दाबत होती. मी टेबलाच्या पलीकडे मटार सोलत होते. का कोण जाणे, तोंडातून गेलं, "त्या टेपरेकॉर्डरवाल्या बाईने काय विचारलं होतं गं तेव्हा?"

"कुठली?... हां, ती टीचर," मुक्ता म्हणाली. तिला आठवायला क्षणभर लागलं. जे मी रोज घोकत होते ते तिला आठवावं लागलं. "तिने विचारलं, ही तुझी का?"

"मग मावशी काय म्हणाली?"

"अर्धी, म्हणाली."

मटार सोलायचं थांबलं. इतकी वर्षं तयार ठेवलेलं माझं उत्तर 'माझी' या शब्दाला होतं. 'अर्धी'ला माझ्याकडे काही नव्हतं. कुणी तपासणार नव्हतं, ती बाई पुन्हा भेटणार नव्हती, समोर उभी असलेली आई भाषा न कळणारी. पूर्ण म्हणून टाकायला कुणाची हरकत होती? मी त्यांच्या जागी असते तर पूर्ण म्हटलं असतं. आजही म्हणेन. आणि वसुधाताईंनी तिथेही, त्या गर्दीत, फुगवलं नाही... याचाही मला मत्सर वाटला, खोटं कशाला सांगू. आणि त्या गेल्यापासून पहिल्यांदाच त्यांची आठवण येऊन मला रडू आलं, ते मटारात पडलं.

"आई," मुक्ता म्हणाली, "पट्टी धर ना. मला एकटीला नाही जमत."

मी पदराला हात पुसले. तिने कागद कापून पट्टी माझ्या हातात दिली. कुठली बाजू झाकायची, मी विचारलं. कुठलीही, पण घट्ट धर, हलवू नको, असं ती वसुधाताईंच्याच सुरात म्हणाली. मी धरली. तिने शिक्का दाबला, दोघींची बोटं निळी झाली. पत्राच्या शेवटी, तिच्या नावाखाली, एक वेणी, एक हात आणि अर्धा चेहरा.

पत्र पुण्याला गेलं. पट्टी माझ्याकडे आहे, ऑफिसातल्या टेबलावरच्या काचेखाली ठेवली आहे. तिच्यावर दुसरी वेणी आहे. तिकडे गेलेली अर्धी जास्त स्वच्छ उमटली होती, तेही मी पाहून ठेवलंय.