घणमिस्त्री

सिल्लोडच्या रस्त्यावरच्या त्या पत्र्याच्या शेडात यंत्र दुरुस्तीला नेलं, की घणमिस्त्री आधी ते तोडायचा. जोडावर पूर्ण ताकदीनं घण हाणायचा, वर शिव्या घालायचा. टिकेल तेवढंच दुरुस्त करायचा. गिऱ्हाईक बोंबललं तर म्हणायचा, "माझ्या हातानं तुटलं ते बरं. रानात तुटलं असतं तर तुझं टाळकं फुटलं असतं."

माणसांशीही हीच रीत. पात्यांवरचा पत्रा काढून यंत्र चालवणाऱ्या एका बागायतदाराला त्यानं गचांडी धरून नाल्यात ढकललं होतं. तरी लोक त्याच्याकडंच जायचे. त्याचं काम कधी फसलं नाही.

कापसाच्या पऱ्हाट्यांची कुट्टी करणारं आमचं ट्रॅक्टरचं यंत्र दगडावर आदळलं, तेव्हा दादानं मला बजावलं, "मिस्त्रीकडंच ने." पाती धरणाऱ्या चकतीला तडा गेला होता. मिस्त्री म्हणाला, "हिला वेल्डिंग चालत नाय. नवी मागवतो, आठ दिवस लागतील." माझी रजा दोनच दिवसांची. मी हुज्जत घातली, तर त्यानं चारचौघांत माझ्या मुस्काटात लगावली. मी संभाजीनगरात नोकरी करणारा, शिकलासवरलेला माणूस! माझं डोकं फिरलं. दुसरीकडं वेल्डिंग मारून घेतलं आणि दादाला सांगितलं, "मिस्त्रीनंच केलं."

दुसऱ्या दिवशी चकती फुटली. पातं पत्रा फाडून आलं आणि ट्रॅक्टरवर बसलेल्या दादाचा पाय गुडघ्याखाली लोंबायला लागला. डॉक्टरांनी तो कापलाच.

मिस्त्री दवाखान्यात बघायला आला. त्याला पाहताच दादानं उशाशी असलेला भरला तांब्या त्याच्या कपाळावर फेकून मारला. "तुझ्या वेल्डिंगनं माझा पाय गेला!"

मिस्त्रीनं माझ्याकडं पाहिलं. कपाळावरच्या खोकेतलं रक्त त्याच्या डोळ्यात उतरत होतं. "मार दादा, आणखी मार," तो म्हणाला. "चुकलंच माझं."

बाहेर मी त्याचे पाय धरायला वाकलो, तर त्यानं मला उचलून भिंतीवर आदळलं. "रडतो काय, भाडखाव! त्याला आता तुझ्याच खांद्यावर चालायचंय. तोंड उघडलं तर जीभ हासडीन."

गावानं त्याला काम देणं बंद केलं. वर्षभरात शेड मोडलं. इतका शिवराळ आणि इतका मोठा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

गेल्या महिन्यात तो वारला. मी मातीला निघालो, तेव्हा दादानं कुबडी जमिनीवर आपटली. "माझा पाय खाणाऱ्याच्या मातीला चाललास व्हय रं?"

मी पायातल्या चपला काढल्या आणि घरात येऊन बसलो.